शुभांगीच्या नावावर

करारावर सही शुभांगीची होती, माझी नव्हती. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्या सहीमुळे झालं.

मी अठरा वर्षं सातपूरला एका प्रेस शॉपमध्ये होतो. पत्र्याच्या पट्ट्या प्रेसखाली सरकवायच्या नि ब्रॅकेट काढायचे. डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर तिथंच राहिलं. दिवाळी झाली नि मालकाने मशिनी विकल्या. आम्हा एकवीस जणांना गेटवर बोलावून त्याने हात जोडले. त्याने जोडले म्हणून आम्हीही जोडले. मग सहा महिने मी अंबडला गेटागेटांवर फिरलो. वॉचमन वय विचारायचा. शेहेचाळीस म्हटलं की बोटाकडे बघायचा. शेवटी भाड्याची खोली सोडून आम्ही कळवणजवळ गावी आलो. मी, शुभांगी नि आमची पोरगी हर्षाली. गावाला माझी आई होतीच.

तालुक्याला स्वयंरोजगाराचा मेळावा होता. मंडपात खुर्च्या, पुढे स्टेज. टाय लावलेला एक माणूस फ्रँचायझी म्हणजे काय ते सांगत होता.

"तुम्हाला डोकं लावायचं नाही. डोकं कंपनीचं, नाव कंपनीचं, मशीन कंपनीचं. तुमचे फक्त हात!"

शुभांगी माझ्या कानाशी म्हणाली, "बोटं साडेनऊच हायेत म्हणावं त्याला."

कंपनीचं नाव सुखसरी चहा. बाईच्या नावावर घेतलं तर अनामत निम्मी. फॉर्म भरणाऱ्याने विचारलं, नाव कुणाचं टाकू? मी म्हणालो, हिचं टाका. मला वाटलं मी लय हुशारी केली. आमच्याकडे सगळे तेच करतात. सवलतीची वस्तू बाईच्या नावावर असते, वापरतो बाप्या. माझा फंड त्यात गेला. शुभांगीने सोळा ठिकाणी सही केली. तिने एकही पान वाचलं नाही, मीही वाचलं नाही.

मार्केट यार्डाच्या रस्त्याला गाळा मिळाला. शेजारी झुंबरचं पंक्चरचं दुकान. कंपनीने तांबडी पाटी लावली. तिच्यावर खाली बारीक अक्षरात होतं, "संचालिका : सौ. शुभांगी गोरक्ष देवरे". झुंबर टायरवर बसून पाटी वाचत होता.

"काय गोरख, बायकोच्या हाताखाली लागला का?"

"लागलो."

"टेम्परवारी का पर्मनंट?"

"पर्मनंट," मी म्हणालो.

रोज सकाळी सात वाजता फोनमधल्या ॲपपुढे शुभांगीने चेहरा धरायचा. हिरवा गोल फिरायचा नि फोन बोलायचा, "शुभ सकाळ, शुभांगीजी." त्याशिवाय मशीन चालू व्हायचं नाही. ती फोनला म्हणायची, "शुभ सकाळ बाई. चहा घे." मग एप्रन बांधायची. कंपनीने दोन एप्रन दिले होते, तांबडेच.

वर कोपऱ्यात कॅमेरा होता, त्याची वायर काउंटरखालच्या काळ्या डब्यात गेलेली. पुडीतली पावडर चमच्याने सपाट करून टाकायची, कागदी कपच वापरायचा, आपलं काही घालायचं नाही असा नियम. नाशिकला बसून साहेब बघतात असं आम्हाला सांगितलं होतं. पहिले आठ दिवस शुभांगी कॅमेऱ्यासमोर पदर सारखा करत राहिली. मग तिची भीड मोडली. हात धुतले की कॅमेऱ्याला दाखवायची. "बघा साहेब, नखं बी कापलेत."

पण तो चहा आमच्या लोकांना चालेना. कांद्याचे ट्रॅक्टर घेऊन आलेली माणसं कप तोंडाला लावून बाजूला ठेवायची.

"वहिनी, चहा हाय का खोकल्याचं औषध?"

दुसऱ्या आठवड्यात शुभांगीने आईला निरोप धाडला. आईने परसातलं आलं नि घरचा छोटा खलबत्ता पाठवला. शुभांगी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहायची, काउंटरखाली वाकायची नि आलं ठेचायची. कॅमेऱ्यात नुसती पाठ दिसणार. मी म्हणालो, सापडशील. ती म्हणाली, "पाठीला काय कळतं ते कुणाला दिसतंय?"

चहा चालायला लागला. यार्डातले हमाल यायचे, ड्रायव्हर यायचे. नाशिकला असताना ती दोन घरची धुणीभांडी करायची. आता लोक तिला मालकीणबाई म्हणत. ती वरवर हसण्यावारी न्यायची, पण घरी येताना गाडीवर मागे ताठ बसायची. मी सामान आणायचो, कप पुसायचो, कचरा टाकायचो. आठ महिने असे गेले.

श्रावण संपत आला होता. बारीक पाऊस तीन दिवस लागून होता. सकाळचे दहा वाजले असतील. शुभांगी दुधाचं पातेलं घासत होती. म्हणाली, "डोकं लय ठणकतंय हो." मी म्हणालो, बस जरा. ती स्टुलावर बसली नि बसल्या बसल्या एका अंगाला कलली. मी धरली तेव्हा तिचा एक डोळा उघडा होता नि हात साबणाचे होते. झुंबरने पिकअप आणली. त्यानेच दुकानाचं मेन बटण पाडलं, शटर ओढलं. नाशिकपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त साकळलंय. नळ्या लावायला त्यांनी एप्रन कात्रीने कापला. दोन दिवस ती मशिनीवर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

दुपारी गावी आणली. सगळं उरकून आम्ही घरी आलो. आईने जिथं तिला ठेवलं होतं तिथं पिठावर दिवा लावला. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. आईचं वय शहात्तर, कानाने कमी. ती दिव्यापाशी बसली नि मला म्हणाली, "घरात लावला. पण तिचा जीव तिकडं दुकानात व्हता. ती जागा अंधारात नको ठेवू."

मी म्हणालो, तिथं गॅसच्या टाक्या हायेत, दिवा कसा लावू?

"मग बल्ब लाव. उजेड पाह्यजे. तिला वाट कळली पाह्यजे."

मी तसाच ओल्या कपड्यांनी गाडीवर गेलो. शटर अर्धं वर केलं. तिचं घासायचं राहिलेलं पातेलं तिथंच होतं, त्यावर साबण वाळला होता. दुसरा एप्रन खुंटीला होता. मी मेन वर केलं, बल्ब लावला, शटर ओढून कुलूप घातलं. शटरच्या खालच्या फटीतून उजेडाची रेघ रस्त्यावर पडली. ती बघून मला बरं वाटलं.

सुतकात दुकान उघडायचा प्रश्न नव्हता. उघडलं असतं तरी सुतकाच्या घरचा चहा कोण पिणार? पण करारात होतं की परवानगीशिवाय सात दिवसांवर दुकान बंद ठेवायचं नाही. हर्षालीने ते शोधून काढलं. ती बारावीला होती, घरात वाचणारी तीच. मी शुभांगीच्या फोनवरून कंपनीला फोन लावला. एक मुलगी गोड बोलत होती.

"दुकान बंद ठेवण्याचं कारण सांगाल का, सर?"

"मालकीण वारली."

"ओके सर. यासाठी फ्रँचायझी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः बोलावं लागेल."

"तीच वारली, ताई."

"त्यांच्या नंबरवरूनच बोलताय ना? मग एक मिनिट त्यांना फोन द्या."

पलीकडून कीबोर्ड वाजल्याचा आवाज आला. मग तिने माझी तक्रार नोंदवली आहे असं सांगितलं आणि आजचा दिवस चांगला जावो म्हणाली.

दहाव्याला कावळा लवकर शिवला. तेराव्याला पाहुणे जेवून गेले. चौदाव्या दिवशी सकाळी मी नि हर्षाली दुकानावर गेलो. बल्ब चालूच होता. मी पातेलं घासलं. हर्षालीने फोन धरला नि मी माझं तोंड त्याच्यापुढे केलं.

"चेहरा जुळत नाही," फोन म्हणाला.

हर्षालीने धरून पाहिला. तिचं नाक नि कपाळ आईसारखं आहे. गोल बराच वेळ फिरला. "चेहरा जुळत नाही." तीनदा झाल्यावर ॲप अर्ध्या तासासाठी बंद पडलं. बाहेर चार हमाल उभे होते. मशीन बंद, त्यामुळे चहा नाही. मी त्यांना थोडं थांबा म्हणालो. ते म्हणाले, थांबतो की. अर्धा तास झाला नि एकेक करून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली भिंतीवरचा फोटो काढत होती. तेराव्याला मोठा करून आणलेला.

"कशाला गं?"

"चला तर खरं, पप्पा."

गाडीवर तिने फोटो मांडीवर उभा धरला होता. दुकानात काउंटरवर टेकवला नि त्याच्यापुढे फोन धरला. गोल फिरला. चेहरा जुळत नाही.

"हार काढा, पप्पा. हारामुळे घेत नाहीये."

मी हार काढला. कुंकवाचा टिळा काचेवर लावला होता तो अंगठ्याने पुसला. हर्षालीने फोन परत धरला. गोल हिरवा झाला.

"शुभ सकाळ, शुभांगीजी."

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मशीन गरम व्हायला लागलं, त्याची घरघर ऐकू यायला लागली. मग हर्षाली म्हणाली, "मला कॉलेजला उशीर होतोय," नि निघून गेली.

असं तीन दिवस चाललं. रोज सकाळी फोटो पिशवीतून न्यायचा, हार काढायचा, दाखवायचा, दुपारी घरी आणून हार घालायचा. लोक यायचे. ओळखीचे खाली बघून चहा प्यायचे. आलं घालायचं मला पहिल्या दिवशी सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याकडे पाठ केली, खलबत्ता काढला, पण पेर नसलेल्या बोटाने आलं धरता येईना. ते खलातून बाहेर उडायचं. एक ड्रायव्हर म्हणाला, "आज पावडरचाच दिसतोय." म्हणाला नि जीभ चावली.

कप पुसताना मी कॅमेऱ्याकडे बघायचो. आठ महिने त्याने तिला बघितलं होतं. आमच्याकडे तिचे फोटो होते, लग्नाची कॅसेट होती. सगळ्यांत ती सरळ उभी, बघा म्हटल्यावर बघणारी. काम करतानाची ती फक्त ह्या डब्यात होती. दुकान टिकलं तर कधीतरी कंपनीच्या माणसाला गोड बोलून मागून घेऊ असं मी ठरवलं होतं. दुकान टिकणं आधी.

चौथ्या दिवशी नाशिकहून एरिया साहेब आला. ललित नाव. तिशीतला असेल, पाठीला लॅपटॉपची बॅग. करार झाला तेव्हा हाच आला होता नि शुभांगीच्या हातचे दोन चहा पिऊन गेला होता. त्याने बूट बाहेर काढले. चहाच्या दुकानात कुणी बूट काढत नाही.

"काका, मला खूप वाईट वाटलं," तो म्हणाला. मग त्याने फोन काढून मला दाखवला. तीन चौकोन होते. तिन्हीत शुभांगी, नि तिच्या गालावर पांढरी चमक. "ही काच आहे ना? ऑफिसात कळलं. फ्रँचायझी ज्यांच्या नावावर आहे त्या वारल्यात आणि हजेरी लागतेय. याला फसवणूक म्हणतात."

"मग दुसरं काय करायचं ते सांगा. मी केलं असतं."

"करार त्यांच्यासोबत संपतो. दुसऱ्याच्या नावावर होत नाही. सोळाव्या पानावर आहे."

"माझ्या नावावर नवा करा."

"नव्याने पूर्ण अनामत भरावी लागेल. महिला सवलत नाही. आणि आता या प्रकारामुळे वरून तुमचं नाव..." त्याने वाक्य सोडून दिलं.

हर्षाली आत आली होती. पाठीला दप्तर. "माझ्या नावावर करा. मी महिला आहे."

"वय किती तुझं?"

"जानेवारीत अठरा."

ललितने मान हलवली. त्या दिवशी आईही हट्टाने दुकानावर आली होती, ती बाहेर झुंबरच्या टायरवर बसली होती. तिला काय ऐकू गेलं कोण जाणे, ती तिथूनच ओरडली, "मी बसते की! मला काय झालं? गिलास धुता येत नाय का मला?"

"आजी, पंचावन्नपर्यंतच चालतं."

"काय म्हंतोय?"

"तुझं वय झालं म्हंतोय," झुंबर तिच्या कानाशी ओरडला. मग आत आला. "साहेब, आमच्या गावात मेलेली माणसं मतदानाला बी येत्यात. तुम्हाला एक हजेरी चालंना व्हय? चहा तर जिवंत माणूसच करतोय ना!"

ललित हसला नाही. "माझ्या हातात असतं तर मी केलं असतं," तो म्हणाला. मला ते खरं वाटलं. मालकाने गेटवर हात जोडले होते तेव्हाही खरंच वाटलं होतं.

"किती दिवस देता?"

"टेम्पो मागे येतोय, काका. आजच."

बारा वाजता टेम्पो आला. दोन पोरं शिडी लावून पाटी काढायला लागली. पाऊस उघडला होता नि ऊन चटकत होतं. पाटीचे बोल्ट गंजले होते. मी पाना आणून दिला. अठरा वर्षं तेच केलं, अडकलेला नट बघवत नाही. पाटी खाली आली तेव्हा तिची बारीक अक्षरं माझ्या छातीशी होती. मशीन गेलं, कपांचे खोके गेले. ललित यादीवर खुणा करत होता.

"एप्रन दोन."

"एकच हाय," मी म्हणालो. "दुसरा दवाखान्यात कापला."

त्याने यादीकडे बघितलं. मग दोनापुढे खूण केली. खुंटीचा एप्रन मी काढून दिला. त्याने घडी घातली नि खोक्यात ठेवला. तो मागायचं मला सुचलं नाही.

शेवटी पोरगं कॅमेऱ्याला शिडी लावायला लागलं. तेव्हा मी म्हणालो, "साहेब, एक मागू का? दुकान जाऊ द्या. ह्यात तिचं रेकॉर्डिंग असंल. तेवढं मला द्या. कसंबी असू दे. पाठमोरी असली तरी चालंल."

ललित थांबला. "द्यायची परवानगी नसते," तो म्हणाला. मग बाहेरच्या पोरांना म्हणाला, "जा, समोर वडापाव खाऊन या." त्याने काउंटरखालचा काळा डबा ओढला, वायर लॅपटॉपला जोडली. मी हात पुसले. झुंबर दारात उभा राहिला. हर्षाली माझ्या दंडाला धरून होती.

"सगळ्यात मागचं बघू," ललित म्हणाला.

पडदा उजळला. आमचं दुकान दिसलं, वरून. शटर बंद. बल्ब चालू. काउंटरवर साबण वाळलेलं पातेलं. खुंटीला एप्रन. मी वाट बघितली. ललितने पुढे सरकवलं. दुकान, बल्ब, पातेलं, एप्रन. आणखी पुढे. बल्बभोवती एक पाखरू फिरत होतं. पुढे ते नव्हतं. बल्ब होता.

"ह्याच्या आधीचं," मी म्हणालो.

"आधीचं नाहीये, काका. ह्यात पंधरा दिवसांचंच राहतं. नवीन आलं की जुनं पुसलं जातं."

"पण दुकान तर बंद व्हतं."

"दुकान बंद असलं तरी लाइट चालू होती ना. वीज असली की हे रेकॉर्ड करत राहतं. रिकामं असलं तरी."

"मी तर मेन पाडलं व्हतं त्या दिवशी," झुंबर म्हणाला. "माझ्या हाताने पाडलं."

"मग कोणीतरी परत चालू केलं. बंद राहिलं असतं तर त्यांच्या शेवटच्या दिवसांचं बरंचसं तसंच असतं." ललितने माझ्याकडे बघितलं. "रिकाम्या दुकानात लाइट कशाला ठेवली होती?"

हर्षालीचा हात माझ्या दंडावरून सुटला. झुंबरला माहीत होतं, त्याला रोज ती उजेडाची रेघ दिसायची, नि बल्ब कुणाच्या सांगण्यावरून लावला ते मी त्याला सांगितलं होतं. त्याने बाहेर टायरवर बसलेल्या आईकडे बघितलं नि पुन्हा माझ्याकडे. मी मान हलवली, नको म्हणून. त्याला कळलं.

ललितने वायर काढली. पोरांनी कॅमेरा उतरवला. भिंतीला चार भोकं राहिली. टेम्पो गेल्यावर ललितने बूट घातले, माझा हात हातात धरला नि त्याला ते बोट लागलं तसा हात सोडला.

गाळ्यात पातेलं नि खलबत्ता तेवढा आमचा उरला. हर्षालीने ते पिशवीत घातले. फोटो तिच्या काखेत होता. मी बल्ब बंद केला, मेन पाडलं, शटर ओढलं.

आई टायरवरून उठायला हात पुढे करून बसली होती. मी तिला उठवलं. तिने माझं तोंड खाली ओढून बघितलं.

"त्या डब्यात बघत व्हते ना तुम्ही? दिसली का रे?"

हर्षाली रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

"दिसली," मी तिच्या कानाशी मोठ्याने म्हणालो.

"काय करीत व्हती?"

"पाठमोरी व्हती."

आईने मान डोलावली. पदराने तोंड पुसलं.

"आलं ठेचत असंल," ती म्हणाली.